लेगोचं मोठं शहर: आधी रूळ, मग उंची, इमारती सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा बाय बारा फुटांची खोली मोकळी झाली आहे, चार-पाच मॉड्युलर इमारती (शेजारी-शेजारी जोडता येणाऱ्या, आपापल्या तळासकट येणाऱ्या), लेगोच्या सिटी मालिकेतले बरेच सुटे संच आणि एक आगगाडी हाताशी आहे. हे सगळं जोडून एक सलग शहर करायचंय. सुरुवात कुठून करावी, आणि बेसप्लेट, म्हणजे लेगोचे पातळ सपाट तळ, थेट टेबलावर मांडाव्यात की खाली वेगळा थर घ्यावा?

माझ्या मते जे वाकत नाही ते आधी ठरवावं. इमारत सरकवता येते, रस्ता चार स्टडांनी (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा) अरुंद करता येतो, झाड उपटून दुसरीकडे लावता येतं. रुळाच्या वळणाची त्रिज्या मात्र बदलत नाही, आपल्या हाताची लांबी वाढत नाही, आणि खोलीचं दार जिकडे उघडतं तिकडेच उघडतं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आवडत्या इमारती आधी ऐटीत मांडल्या जातात आणि उरलेल्या जागेत रूळ कोंबले जातात. मग गाडी स्टेशनाच्या कोपऱ्याला घासते आणि महिनाभरात ती शोकेसमध्ये जाऊन बसते.

आधी मापं. एक स्टड म्हणजे 8 मिलिमीटर. विटेची उंची 9.6 मिमी, प्लेटची 3.2, म्हणजे तीन प्लेट मिळून एक वीट. 32 स्टडांची बेसप्लेट 25.6 सेंटीमीटर, 48 ची 38.4. रुळाचा सरळ तुकडा 16 स्टडांचा, म्हणजे 12.8 सेंटीमीटर. रूळ, रस्त्याच्या प्लेट, मॉड्युलर इमारतींचे तळ हे सगळं 16 च्या पाढ्यात बसतं. म्हणून आलेखाचा कागद घ्या, एक चौकोन म्हणजे 16 स्टड धरा आणि खोली त्यावर काढा. तुमची खोली जेमतेम 23 बाय 28 चौकोनांची आहे. संगणकावर करायचं असेल तर ब्लूब्रिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर रुळांच्या आखणीला उत्तम आहे. इमारतींसाठी ब्रिकलिंकचं स्टुडिओ. पण पहिला आराखडा कागदावरच काढा, खोडरबर जवळ ठेवून.

आता रूळ. लेगोच्या नेहमीच्या वळणाचे 16 तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होतं. त्याची त्रिज्या रुळाच्या मध्यापासून 40 स्टड. स्लीपरची रुंदी धरून वर्तुळाची बाहेरची रुंदी 88 स्टड भरते, म्हणजे 70.4 सेंटीमीटर. तीन बेसप्लेट शेजारी ठेवल्या की 96 स्टड, म्हणजे 76.8 सेंटीमीटर. वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना चार-चार स्टड उरतात आणि वळणावर डब्याची टोकं बाहेर येतात त्यांना तेवढी जागा लागतेच. उभं राहून आरामात हात पोचतो तो साधारण 70-75 सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे वळण आणि हात ही दोन्ही मापं एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात. टेबलाची खोली 77 सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. भिंतीला लावलेलं टेबल याहून खोल केलंत, तर मागच्या रांगेत घसरलेली गाडी उचलायला पुढची इमारत आडवी करावी लागेल.

सुताराला फूट-इंचांत माप देऊ नका. अडीच फूट म्हणजे 762 मिमी आणि तुम्हाला हवेत 768. सहा मिलिमीटरनी बेसप्लेट बाहेर लोंबते आणि तिच्यावरून कोणाचीतरी बाही जातेच. 780 मिमी सांगा. आठ बाय चारची प्लायची शीट 2440 बाय 1220 मिमी असते. तिच्यातून 780 ची पट्टी काढली की साधारण 440 ची उरते. तिच्यावर 48 स्टडांची बेसप्लेट बसते, किंवा टेबलाखाली खोके ठेवायची फळी होते. लांबीच्या बाजूने 19 सरळ रूळ, म्हणजे 2432 मिमी. अगदी मापात.

प्लाय 12 मिमीची पुरते, मात्र खालून दर दोन फुटांवर आडवा दांडा हवा. एमडीएफ घेऊ नका. पावसाळ्यात कडा फुगतात आणि दोन टेबलांच्या सांध्यावर रुळाला पायरी येते. बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या दर्जाची प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना पॉलिश किंवा रंग मारून घ्या. पाय बोल्टने काढता-घालता येणारे असावेत. घर भाड्याचं असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण आतल्या खोल्यांची दारं बऱ्याचदा 30 इंचांची असतात आणि 780 मिमीचं टेबल त्यातून आडवं करूनच जातं. सगळं एकसंध न करता दोन किंवा तीन टेबलं करा, एकमेकांना बोल्टने जोडा आणि कोणतीही इमारत सांध्यावर ठेवू नका. सांध्यावरून फक्त रूळ आणि रस्ता जाऊ द्या. तिथला तुकडा सगळ्यात शेवटी बसवायचा आणि हलवताना सगळ्यात आधी काढायचा.

तुमच्या खोलीसाठी मी दोन भिंतींना लागून एल आकार सुचवेन. रूळ डंबेलच्या आकाराचे: दोन्ही टोकांना वळसा आणि मध्ये दोन समांतर मार्ग. लेगोच्या रुळांच्या सांध्यांच्या (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या तुकड्यांच्या) भूमितीत समांतर मार्ग मध्यापासून मध्यापर्यंत 16 स्टडांवर येतात, म्हणजे दोन्ही मिळून 24 स्टड रुंदी. 96 मधून 24 गेले, 72 उरले. त्यात 32 ची एक इमारतींची रांग, रस्ता आणि थोडा फुटपाथ आरामात बसतो. वळशातून समांतर मार्गावर येताना उलटसुलट दोन वळणं लागतात. त्यांच्यामध्ये एक तरी सरळ तुकडा घाला, नाहीतर मागून रेटलेले डबे तिथेच रुळावरून उतरतात.

एलच्या कोपऱ्यात दोन मार्ग शेजारी-शेजारी वळवायचे तर बाहेरच्या मार्गाला मोठ्या त्रिज्येची वळणं लागतील अशी समजूत आहे. ती हवीतच असं नाही. बाहेरच्या मार्गाला तीच वळणं वापरा, फक्त वळणाआधी एक आणि नंतर एक असे दोन सरळ तुकडे जास्त घाला. कोपऱ्यात दोन मार्गांमधलं अंतर थोडं वाढतं, पण गाड्या एकमेकींना लागत नाहीत. 56, 72, 88, 104 स्टडांची वळणं इतर उत्पादकांकडून मिळतात आणि त्यांवर गाडी दिसते सुरेख, पण 77 सेंटीमीटर खोलीच्या टेबलावर त्यांचा पूर्ण वळसा बसत नाही.

रूळ पुढे की मागे, यावर मतभेद आहेत. मी पुढे ठेवतो. घसरणारी, थांबणारी, बॅटरी बदलावी लागणारी गोष्ट हाताशी असावी. गाडी जमिनीवर पडू नये म्हणून कडेला दोन विटांची भिंत किंवा ॲक्रिलिकची पट्टी लावा. मग मागे रस्ता आणि त्यामागे इमारती. पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर गाडी, तिच्यावरून दिसणारा रस्ता आणि वर चढत जाणारं शहर असा क्रम लागतो.

दोन मजली रेल्वेचा मोह सगळ्यांनाच होतो. एक गणित करा. सरळ तुकड्यामागे एक प्लेट एवढा चढ गाडीला सोसतो. तो झाला अडीच टक्के. खालून गाडी जाण्यासाठी साधारण 12 विटांची उंची हवी, म्हणजे 36 प्लेट, म्हणजे 36 तुकडे, म्हणजे 4.6 मीटर. आणि तेवढाच उतार. दहा बाय बाराच्या खोलीत एवढा चढ-उतार केला की शहर उरतच नाही, फक्त घाट उरतो. त्यापेक्षा संपूर्ण मेट्रो एकाच उंचीवर खांबांवरून फिरवा किंवा रूळ सपाट ठेवून रस्ता खाली न्या. रस्त्यावरच्या गाड्या कुठे चालायच्या असतात? त्यांना हवा तेवढा उतार द्या.

आता तुमचा खरा प्रश्न: खालचा थर. बेसप्लेट पातळ असते, थोडी वाकते आणि तिच्या खालच्या बाजूला नळ्या नसतात, त्यामुळे ती दुसऱ्या विटांवर घट्ट बसवता येत नाही. जगभरचे लेगो हौशींचे गट यावर वापरतात तो उपाय म्हणजे मॉड्युलर इंटिग्रेटेड लँडस्केपिंग सिस्टिम, बोलीत मिल्स. बेसप्लेट, तिच्यावर एका विटेच्या उंचीच्या भिंती आणि आधार, त्यावर प्लेटचा थर, आणि कडेला लेगोच्या टेक्निक मालिकेतल्या भोकाच्या विटा, म्हणजे शेजारचा चौकोन पिनने जोडता येतो. फायदा मोठा आहे. जमीन एक वीट वर आल्याने नाला, तळं, गटार, तळघराची पायरी असं काहीही खाली खोदता येतं, दिव्यांच्या तारा आतून जातात आणि एक चौकोन उचलून दुरुस्तीला नेता येतो. तोटा एकच, खर्च. वरचा थर घालायला 32 बाय 32 च्या एका चौकोनाला 16 बाय 16 च्या चार प्लेट लागतात, शिवाय आतल्या विटा. संपूर्ण शहराखाली हे करायला बसलात तर पैसे तळातच संपतील.

तुम्हाला मी अर्धं-अर्धं करायला सांगेन. रूळ आणि रस्त्याच्या पट्ट्याखाली मिल्स, कारण खड्डे, नाले, तारा तिथेच लागतात. इमारतींखाली मात्र सरळ लाकूड. कट्टर मंडळी नाकं मुरडतील, मुरडू देत. मॉड्युलर इमारत स्वतःच्या बेसप्लेटवर असते. तिला खालून स्टडांची गरज नाही. हिशेब असा: मिल्सच्या तळावर वीट, प्लेट आणि रस्त्याची टाइल (वर स्टड नसलेली, प्लेटएवढ्याच जाडीची) मिळून 16 मिमी. इमारतीच्या बेसप्लेटखाली 16 मिमीचा पाट ठेवला, म्हणजे 12 आणि 4 मिमीच्या दोन प्लाय एकावर एक, की तिच्या फुटपाथची टाइल रस्त्यापेक्षा बरोबर एक प्लेट वर येते. फुटपाथ असायला हवा तसाच.

हे गणित न करता कामाला लागलेल्यांची फजिती 2021 मध्ये आलेल्या नव्या रोड-प्लेटमुळे होते. त्या दोन प्लेट जाड आहेत. मॉड्युलर इमारतीचा फुटपाथ पातळ बेसप्लेट अधिक एक टाइल एवढाच उंच. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले की रस्ता वर आणि फुटपाथ खाली. आपल्याकडे डांबराचे थर चढून-चढून खरोखर तसं होतं, ते सोडा. तुमच्याकडे जुन्या छापील रस्त्यांच्या बेसप्लेट असतील तर त्या थेट टेबलावर, इमारतीही थेट टेबलावर, असंही चालेल. दिसायला सपाट, पण स्वस्त आणि एका रविवारात होणारं काम. फक्त तीन पद्धतींची सरमिसळ एका रस्त्यावर करू नका.

रस्त्याची रुंदी तुमच्या वाहनांवरून ठरवा. सिटीच्या जुन्या गाड्या चार स्टड रुंद, नंतरच्या सहा, आणि स्पीड चॅम्पियन्स या लेगोच्या शर्यतीच्या गाड्यांच्या मालिकेतल्या 2020 पासून आठ. सहा स्टडांच्या गाडीला आठ स्टडांची मार्गिका, म्हणून दोन मार्गिकांना 16. आठ स्टडांच्या गाड्या या रस्त्यावर ट्रकसारख्या दिसतात. मी त्या एका शोरूमच्या काचेआड ठेवतो. सगळा रस्ता टाइलचा करायचा अट्टहास नको. 32 लांब आणि 16 रुंद एवढ्याच तुकड्याला 2 बाय 4 च्या 64 टाइल लागतात. पुढच्या मीटर-दीड मीटरला टाइल घाला, मागच्या गल्लीत स्टड दिसले तर बिघडत नाही.

इमारतींबद्दल थोडंच बोलतो, कारण ते तुम्हाला येतंच. 1978 पासूनचा मिनिफिगर साधारण चार सेंटीमीटर उंच, म्हणजे प्रमाण 1:42 च्या आसपास. तीस मीटरची खरी इमारत त्या हिशेबात 71 सेंटीमीटर होते. म्हणून मजले कमी करा, मजल्याची उंची नको. 2007 च्या कॅफे कॉर्नरपासून मॉड्युलर मालिकेनेही तीनच्या आसपास मजल्यांत काम भागवलं आहे. उंच इमारती मागच्या रांगेत आणि शक्यतो पोकळ, फक्त पुढची भिंत आणि बाजू. भिंतीला टेकलेल्या बाजूला विटा घालणं म्हणजे पैसे भिंतीला दाखवणं.

तुम्हाला आपल्याकडचं शहर करायचं असेल, तर विटांना कोणती शैली मानवते ते बघा. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचे आडवे पट्टे प्लेटच्या थरांतून आपसूक निघतात. गोलाईच्या गॅलऱ्यांना वळणाऱ्या प्लेट आहेत. चाळीची लांब गॅलरी, तेच दार, तीच खिडकी पुन्हा-पुन्हा हे तर विटांसाठीच आहे. सीएसएमटीचा घुमट आणि कोरीवकाम मात्र मिनिफिगरच्या प्रमाणात खोलीत मावणार नाही. दर्शनी भागाचा एक तुकडा करा किंवा सोडून द्या. आणि ऋतू ठरवा. मे महिन्यातलं शहर असेल तर टॅन आणि ऑलिव्ह, पावसाळ्यातलं असेल तर गडद हिरवं आणि गच्च्यांवर निळ्या प्लेटची ताडपत्री. अर्धं हिरवं, अर्धं पिवळं करून टाकलं की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं.

भारतीय गाडी बांधायची इच्छा असेल तर एक चांगली गोष्ट: लेगोच्या रुळांमधलं अंतर 37.5 मिमी आणि आपला ब्रॉडगेज 1676 मिमी. भागाकार येतो जवळपास 1:45, म्हणजे मिनिफिगरच्या प्रमाणाशी अगदी जुळता. युरोपातल्या 1435 च्या मार्गावरच्या गाड्यांना हे भाग्य नाही. त्यानंतरची बातमी वाईट. एलएचबी, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांचा नव्या धाटणीचा डबा 23.54 मीटर लांब, म्हणजे या प्रमाणात 52 सेंटीमीटर, 65 स्टड. त्याच्या खालच्या दोन बोगींमधलं, म्हणजे चाकांच्या दोन संचांमधलं अंतर 14.9 मीटर, म्हणजे 33 सेंटीमीटर. नेहमीच्या वळणावर अशा डब्याचं पोट रुळाच्या मध्यापासून चार सेंटीमीटरहून जास्त आत सरकतं आणि आतल्या बाजूचे सिग्नल, फलाट, माणसं आडवी करत जातं. म्हणून डबा 28 ते 36 स्टडांचा ठेवा, रुंदी आठ. लोकलचे नवे डबे 3.66 मीटर रुंद आहेत, ते प्रमाणात दहा स्टड होतील, पण दहाला फलाट आणि समांतर मार्ग दोन्ही नडतात. खिडक्यांची संख्या कमी करा, दारांची कमी करू नका. लोकल ओळखू येते ती दारांवरून.

लेगोच्या पॉवर्ड अप या मोटर-यंत्रणेच्या हबला, म्हणजे बॅटरीच्या डबीला, सहा एएए सेल लागतात. रिचार्जेबल सेल घातले तर नऊऐवजी साधारण सव्वासात व्होल्ट मिळतात, गाडी थोडी हळू जाते, आणि 40 च्या वळणांवर ते बरंच आहे. एका मोटरला तीन-चार डबे. जास्त जोडले तर वळणावर घर्षणच खाऊन टाकतं.

एलचा आतला कोपरा ते भिंतीतला कोपरा हे अंतर कर्णाने सुमारे 109 सेंटीमीटर होतं. तिथे कोणाचाच हात पोचत नाही, म्हणून तिथे काही चालणारं, पेटणारं किंवा पडणारं ठेवू नका. मी तिथे डोंगर करतो. आतून डुप्लोच्या, म्हणजे लेगोच्या लहान मुलांसाठीच्या मोठ्या विटा. डुप्लो सगळ्या बाजूंनी दुप्पट असते आणि साध्या विटा तिच्यावर घट्ट बसतात, त्यामुळे पोकळी स्वस्तात भरते. भावंडांची, शेजाऱ्यांची मोठी झालेली मुलं ती आनंदाने देऊन टाकतात. बाहेरून गडद राखाडी प्लेटचे आडवे थर. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचूनच झाला आहे, त्यामुळे कडा आणि मध्ये झाडीची हिरवी पट्टी असं एकाआड एक केलं की आपला डोंगर लगेच ओळखू येतो. वर एखादा बुरूज. डोंगर उचलता येईल असा ठेवा, खालून बोगदा काढलात तर घसरलेली गाडी काढायला वरून उघडता यायला हवा.

स्वस्त चिनी विटांबद्दल विचारलंच जाईल. लपलेल्या भागात चालतात, पण आधी दहा विटा एकावर एक रचून मोजा. 96 मिमी आणि वर एक स्टड यायला हवा. फरक दिसला तर त्या मिल्सच्या भिंतीत घालू नका, कारण तिथला प्रत्येक चौकोन शेजारच्याशी जुळायचा असतो. डोंगराच्या पोटात खुशाल टाका.

दिवे लावायचे तर पातळ तारांचे एलईडी घ्या, पाच व्होल्टवर चालणारे, आणि प्रत्येक इमारतीची तार एका कोपऱ्यातून खाली टेबलाखाली काढा. तिथे प्लग असावा, म्हणजे इमारत उचलताना तार तुटत नाही. खिडकी पश्चिमेला असेल तर जाड पडदा लावा; उन्हाने पांढऱ्या आणि राखाडी विटा पिवळ्या पडतात. धुळीला मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर. धुवायचंच झालं तर 40 अंशांच्या आतलं पाणी आणि सौम्य साबण, आणि भोकातलं पाणी पूर्ण सुकल्याशिवाय डब्यात भरू नका.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी जास्तीचे सरळ रूळ आणि दोन सांधे, मग टेबल, मग मिल्सच्या प्लेट. टेबल करण्याआधी पूर्ण डंबेल फरशीवर मांडा, सगळ्यात लांब डब्यासकट गाडी आठवडाभर चालवा, कुठे अडते ते खडूने खुणा करून ठेवा. नवी इमारत या सगळ्यानंतर. आणि एक प्लॉट मोकळा ठेवा, कुंपण घालून, आत खडी आणि एक जेसीबी. पुढच्या वर्षी येणारी इमारत तिथे जाईल आणि तोवर तो भाग शहरातला सगळ्यात खराखुरा दिसेल.

दार कोणत्या भिंतीला आहे, ते आत उघडतं की बाहेर, आणि खिडकीची दिशा एवढं कळवलंत तर एल कोणत्या दोन भिंतींना लावायचा आणि वळसे कुठे टाकायचे ते कागदावर काढून देतो.